इट्राकोनाझोल: कुत्र्याच्या अंगभर पसरलेल्या बुरशीवर कॅप्सूल, द्रावण की कंपाउंड?

कुत्र्याच्या फुप्फुसात, हाडात, डोळ्यात किंवा आतड्यात शिरलेल्या बुरशीवर तोंडाने द्यायच्या औषधांमध्ये पहिला मान इट्राकोनाझोलचा, आणि तो योग्यच आहे. अडचण एवढीच की चिठ्ठीवर नाव एक लिहिलेलं असतं आणि दुकानातून हातात येणारी वस्तू मात्र चार प्रकारची असू शकते. त्यातला एक प्रकार दिला तर महिनाभर न चुकता गोळी गिळूनही कुत्र्याच्या रक्तात औषध पोचतच नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, बुरशी हट्टी आहे, औषध लागू पडत नाही. म्हणून या परीक्षणाचा मोठा भाग त्या फरकाला दिला आहे. निदानासाठी वापरली जाणारी लघवीची अँटीजेन (बुरशीपासून सुटलेला पदार्थ) तपासणीही सोबत पाहिली आहे, कारण औषध चालू करणं, चालू ठेवणं आणि थांबवणं हे तिन्ही निर्णय तिच्यावर टेकलेले असतात.

इथे नायटा किंवा कानातली यीस्ट यांचा विषय नाही. ब्लास्टोमायकोसिस, हिस्टोप्लाझ्मोसिस, कॉक्सिडिऑइडोमायकोसिस, क्रिप्टोकॉकोसिस आणि अंगभर पसरलेला अ‍ॅस्परजिलोसिस हे आजार डोळ्यांसमोर ठेवले आहेत. यातली बुरशी मातीतून, कुजक्या पानांतून किंवा पक्ष्यांच्या विष्ठेतून उडणाऱ्या बीजाणूंवाटे बहुधा श्वासातून आत जाते आणि तिथून रक्ताबरोबर पसरते.

औषधाआधी: बुरशी डोळ्यांनी दिसली का?

दीर्घकाळ चालणारं, यकृतावर ताण टाकणारं औषध नुसत्या अंदाजावर सुरू करू नये. ताप, खोकला, वजन उतरणं, लंगडणं, लाल डोळा, न भरणारी वाहती जखम ही लक्षणं कर्करोगातही दिसतात. छातीच्या एक्स-रेमध्ये बर्फ भुरभुरल्यासारखे बारीक ठिपके दिसले तर ब्लास्टोमायकोसिसचा संशय येतो, पण पसरलेला कर्करोगही तसाच दिसू शकतो. रक्तातलं कॅल्शियम वाढलं की लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) आठवतो, आणि तेही ब्लास्टोमायकोसिसमध्ये होऊ शकतं. हिस्टोप्लाझ्मोसिसची तऱ्हा तर आणखी धोक्याची. मोठ्या आतड्याचे जुलाब, शेम, रक्त आणि खंगणं पाहून आतड्याची सूज समजून स्टिरॉइड चालू होतं आणि दडलेली बुरशी मोकळी सुटते. जुलाब आणि खंगणं एकत्र असेल तर स्टिरॉइडआधी गुदाशयाच्या आतल्या भिंतीवरून खरवडून स्लाइड पाहावी. दोन मिनिटांचं काम आहे.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत पक्की तपासणी म्हणजे सुईने काढलेला नमुना. फुगलेल्या लसिका ग्रंथीत किंवा त्वचेच्या गाठीत २२ गेजची सुई घालून, सिरिंज न ओढता, चार-पाच वेळा आतल्या आत पुढे-मागे करायची. सुईत आलेला ऐवज काचेवर फुंकून हलका पसरायचा आणि हवेत वाळू द्यायचा. वाहत्या जखमेवर स्वच्छ काच थेट टेकवली तरी चालतं, फक्त वरची खपली आणि पू आधी पुसून घ्यावा. फॉर्मॅलिनची बाटली आणि न रंगवलेल्या काचा एकाच डब्यात कधीही पाठवू नयेत. फॉर्मॅलिनच्या वाफेने पेशी रंग धरत नाहीत आणि चांगला नमुना वाया जातो. ही चूक वारंवार होते.

काचेवर काय शोधायचं? ब्लास्टोमायसिसचं यीस्ट साधारण ५ ते २० मायक्रॉनचं, जाड दुहेरी कडेचं, आणि त्याला फुटलेला कोंब रुंद बुडाने चिकटलेला. हिस्टोप्लाझ्मा अगदी लहान, २ ते ४ मायक्रॉन, मॅक्रोफेज या भक्षक पेशीच्या पोटात दाटीने भरलेला. क्रिप्टोकॉकसभोवती न रंगलेल्या आवरणाचं मोकळं वलय आणि कोंब अरुंद मानेचा. कॉक्सिडिऑइडीसचे मोठे गोल पिंड मोजकेच असतात, त्यामुळे कमी भिंगाखाली सगळी काच नीट फिरल्याशिवाय ‘नाही’ म्हणू नये. अ‍ॅस्परजिलसचे तंतू आडव्या पडद्यांनी विभागलेले असतात आणि साधारण ४५ अंशांच्या कोनात फुटतात. पसरलेल्या अ‍ॅस्परजिलोसिसचा संशय असेल तर लघवीचा गाळही पाहावा. तंतू तिथे सापडतात आणि सुई टोचायची गरजही पडत नाही.

दवाखान्यात बुरशीची वाढ करून पाहण्याच्या भानगडीत मात्र कुणी पडू नये. कुत्र्याच्या शरीरातलं यीस्टरूप श्वासातून माणसाला लागत नाही. बशीत वाढलेलं तंतुरूप लागतं. नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवताना चिठ्ठीवर संशयित बुरशीचं नाव ठळक लिहावं, म्हणजे तिथली माणसं सुरक्षित बंदिस्त कपाटात काम करतात. सुई स्वतःच्या बोटाला टोचण्याचा धोका खरा आहे, तेव्हा टोपण परत बसवण्याचा प्रयत्न करू नये.

लघवीची अँटीजेन तपासणी

सुईला पोचता येईल अशी गाठच नसते, आजार फक्त फुप्फुसात असतो, अशा कुत्र्यासाठी ही तपासणी वरदान आहे. लागतं काय, तर थोडी ताजी लघवी. बुरशीच्या भिंतीतून सुटलेला गॅलॅक्टोमॅनन नावाचा शर्करायुक्त पदार्थ ती मोजते. ब्लास्टोमायकोसिस पक्का ठरलेल्या ४६ कुत्र्यांवरचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लघवीतल्या अँटीजेनने ९३.५ टक्के रुग्ण पकडले, रक्तातल्या अँटीजेनने ८७ टक्के, तर जुन्या जेल पद्धतीच्या अँटिबॉडी (शरीराने बुरशीविरुद्ध बनवलेली प्रथिनं) तपासणीने जेमतेम १७.४ टक्के. एवढी तफावत पाहिल्यावर ब्लास्टोमायकोसिससाठी जेल अँटिबॉडी तपासणी मागवण्यात अर्थ उरत नाही. आणि दोन्हींपैकी एकच नमुना पाठवायचा असेल तर लघवीच पाठवावी.

उणिवाही आहेत, आणि त्या माहीत नसल्या तर फसगत होते. ब्लास्टोमायसिस आणि हिस्टोप्लाझ्मा यांची अँटीजेन तपासणी एकमेकींना जवळजवळ पूर्णपणे भुलते. म्हणजे तपासणी ‘होय’ म्हणाली तरी दोघांपैकी कोण, हे ती सांगत नाही. सुरुवातीचं औषध बहुधा एकच असल्यामुळे यात फार बिघडत नाही, पण उपचार किती काळ चालवायचा आणि शरीरात आणखी कुठे शोधायचं, हे बदलतं. कॉक्सिडिऑइडोमायकोसिसमध्ये कुत्र्याच्या लघवीतलं अँटीजेन बऱ्याचदा सापडतच नाही. तिथे अँटिबॉडीचीच तपासणी हवी. म्हणजे जी पद्धत एका बुरशीसाठी टाकाऊ ठरली, तीच दुसरीसाठी मुख्य. क्रिप्टोकॉकससाठी वेगळी तपासणी आहे, रक्तातलं किंवा मेंदूभोवतीच्या पाण्यातलं आवरणाचं अँटीजेन मोजणारी लॅटेक्स पद्धत. ती फार विश्वासू आहे आणि तिचा टायटर (अँटीजेन किती आहे ते सांगणारा आकडा) उपचाराबरोबर उतरत जातो. अ‍ॅस्परजिलसच्या गॅलॅक्टोमॅनन तपासणीत मात्र काही ग्लुकोनेटयुक्त सलाईन चालू असताना खोटा होकार येऊ शकतो. म्हणून नमुना सलाईन लावण्याआधी घ्यावा.

आमचं मत: काच आधी, लघवी नंतर. दोन्ही मिळाल्या तर उत्तमच. फक्त लघवीवर निदान ठेवायची वेळ आली तर ठेवावी, पण अहवालातला आकडा जपून ठेवावा. पुढचे सगळे आकडे त्याच्याशी ताडून पाहायचे आहेत, आणि त्याच प्रयोगशाळेतून.

औषधाची चार रूपं

इट्राकोनाझोल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. या औषधाच्या सगळ्या गुणावगुणांची मेख इथे आहे. बुरशीच्या पेशीला भिंतीलगतच्या पडद्यासाठी एर्गोस्टेरॉल लागतं, ते बनवणारं एन्झाइम हे औषध अडवतं. बुरशीवरचा परिणाम उत्तम. पण आतड्यातून रक्तात जाण्यासाठी औषध आधी विरघळायला हवं, आणि ते कसं विरघळवलं आहे यावरच सगळं अवलंबून आहे.

*दाण्यांची कॅप्सूल.* स्पोरॅनॉक्स हे मूळ नाव, आणि त्याच धर्तीच्या अनेक जेनेरिक कॅप्सूल मिळतात. बहुतेकदा १०० मिलिग्रॅमची. उघडली तर आत साबुदाण्यासारखे बारीक गोल दाणे दिसतात. साखरेच्या मण्यांवर औषधाचा विशिष्ट थर चढवलेला असतो, त्या थरामुळेच ते जठराच्या आम्लात विरघळतं. म्हणून ही कॅप्सूल भरल्या पोटी, जेवणाबरोबर द्यायची. थोडी चरबी असलेलं जेवण असेल तर अधिक बरं. चांगल्या दर्जाची जेनेरिक दाण्यांची कॅप्सूल मूळ औषधाच्या तोडीस तोड शोषली जाते, तेव्हा केवळ नावासाठी महाग डबी घेण्याची गरज नाही. लहान कुत्र्यासाठी कॅप्सूल उघडून दाणे मोजून वाटून घेता येतात आणि जेवणात मिसळता येतात. दाणे कुटू नयेत. गर्भवती स्त्रीने हे काम हातमोजे घातल्याशिवाय करू नये, शक्यतो दुसऱ्याकडे सोपवावं. हे औषध गर्भाला अपायकारक आहे. गाभण कुत्रीलाही म्हणूनच देत नाहीत.

*पातळ द्रावण.* दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम. यात सायक्लोडेक्स्ट्रिन नावाच्या शर्करेच्या कड्यात औषध बसवलेलं असतं, त्यामुळे ते आधीच विरघळलेलं असतं आणि आम्लाची वाट पाहत नाही. ते रिकाम्या पोटी द्यायचं, म्हणजे कॅप्सूलच्या बरोबर उलट. घरात आधी कॅप्सूल चालू होती आणि नंतर द्रावण आलं, तर जेवणाची ही सवय बदलायची राहून जाते. लहान कुत्र्याला माप अचूक देता येतं हा मोठा फायदा. ८ किलोच्या कुत्र्याला ४० मिलिग्रॅम म्हणजे सरळ ४ मिलिलिटर. तोटा असा की सायक्लोडेक्स्ट्रिनमुळे काही कुत्र्यांना पातळ शी होते, आणि मोठ्या कुत्र्याला द्रावणाचं प्रमाण फार होतं. मांजरांसाठी इट्राफंगॉल नावाने मिळणारं द्रावणही याच ताकदीचं आहे.

*सुधारित शोषणाची कॅप्सूल.* डबीवर ‘सुबा’ असं लिहिलेली. यातला मिलिग्रॅमचा आकडा साध्या कॅप्सूलशी जुळवू नये. माणसांसाठी यातली ६५ मिलिग्रॅमची कॅप्सूल साध्या १०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलच्या जागी वापरली जाते. दुकानदाराने ‘तेच औषध आहे’ म्हणून एकाच्या जागी दुसरं दिलं तर डोस चुकतो. डबी बदलली की पशुवैद्याला कळवलंच पाहिजे.

*कंपाउंड केलेलं औषध.* घाऊक भुकटीपासून कुत्र्याच्या वजनाप्रमाणे बनवून दिलेली कॅप्सूल किंवा चवदार तेलकट मिश्रण. दिसायला सर्वांत सोयीचं. नेमका डोस, कुत्रा आवडीने चाटतो, बहुधा स्वस्तही. आणि आमच्या यादीत हे एकच रूप सपशेल नापास आहे. निरोगी कुत्र्यांवर मूळ, जेनेरिक आणि कंपाउंड औषधाची तुलना करणारा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. जेनेरिकने मूळ औषधाची बरोबरी केली, कंपाउंड औषध रक्तात अत्यल्प पोचलं. कारण वर आलंच आहे. नुसती भुकटी विरघळत नाही, आणि दाण्यांवरचा थर किंवा सायक्लोडेक्स्ट्रिन घरगुती पद्धतीने बनवता येत नाही. डोस दुप्पट करूनही ही उणीव भरून निघत नाही. औषध कंपाउंड केलेलं आहे की नाही हे ओळखायचं असेल तर कॅप्सूल उघडून पाहा. आत दाण्यांऐवजी मोकळी पांढरी भुकटी दिसली की थांबा आणि विचारा. मूळ कॅप्सूलमधले दाणे मोजून लहान कॅप्सूलमध्ये भरून देणं ही वेगळी गोष्ट आहे, ती चालते.

डोस आणि रक्तातली पातळी

ब्लास्टोमायकोसिससाठी रूढ डोस आहे किलोला ५ मिलिग्रॅम. पहिले ३ ते ५ दिवस दिवसातून दोनदा, म्हणजे शरीरात साठा लवकर तयार होतो, आणि त्यानंतर दिवसातून एकदा. २० किलोच्या कुत्र्याचा हिशेब सोपा: एक १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. हिस्टोप्लाझ्मोसिस आणि कॉक्सिडिऑइडोमायकोसिसमध्ये बरेच डॉक्टर दिवसाला किलोमागे १० मिलिग्रॅमपर्यंत जातात. ब्लास्टोमायकोसिसमध्ये मात्र जास्त म्हणजे चांगलं असं नाही. ११२ कुत्र्यांवरचा १९९६ चा अभ्यास ५ आणि १० मिलिग्रॅमची तुलना करतो. बरं होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, त्रास मात्र १० वर वाढला.

चढता डोस हा उपाय नसेल तर काय आहे? रक्तातली पातळी मोजणं. हे औषध शरीरातून सावकाश जातं, त्यामुळे पातळी स्थिर व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. त्याआधी मोजलेला आकडा दिशाभूल करतो. तीन आठवड्यांनी, पुढच्या डोसच्या थोडं आधी रक्त घ्यावं आणि जेल नसलेल्या साध्या नळीत ठेवून सीरम वेगळं करावं. औषधाचे घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी पद्धतीने मोजलं असेल तर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमच्या वर असणं चांगलं, ०.५ च्या खाली म्हणजे कमीच. बायोअ‍ॅसे पद्धतीचा आकडा त्याच रक्ताला काही पट मोठा येतो, कारण औषधापासून शरीरात बनलेला हायड्रॉक्सी-इट्राकोनाझोलही ती मोजते. पद्धत न पाहता आकडे ताडले तर कमी पातळीही पुरेशी वाटते. अहवालावर पद्धतीचं नाव नसेल तर फोन करून विचारून घ्यावं.

पातळी कमी आली तर डोस वाढवण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात. औषध कोणत्या रूपातलं आहे? कॅप्सूल जेवणाबरोबर जाते आहे का, की आजाराने भूक मेलेला कुत्रा दोन घास खाऊन थांबतो आणि कॅप्सूल जवळजवळ रिकाम्या पोटी पडते? आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल किंवा फॅमोटिडिन चालू आहे का? उलटी होते म्हणून ते सर्रास दिलं जातं आणि कॅप्सूलचं शोषण तिथेच खुंटतं. आणि चौथी गोष्ट, फिटसाठी फिनोबार्बिटाल चालू आहे का? ते यकृताकडून इट्राकोनाझोल लवकर मोडून घेतं. आम्लनाशक बंद करता येत नसेल तर द्रावणाकडे वळावं. हे सगळं ठीक असेल तरच डोस वाढवावा आणि पुन्हा तीन आठवड्यांनी मोजावं.

उलट दिशेचाही परिणाम आहे. इट्राकोनाझोल स्वतः यकृतातलं दुसरी औषधं मोडणारं यंत्र मंदावतं. सायक्लोस्पोरिन, डिगॉक्सिन, व्हिनक्रिस्टिन, मिडाझोलाम यांची पातळी चढू शकते. डेमोडेक्स या त्वचेतल्या सूक्ष्म किड्यासाठी मोठ्या डोसमध्ये आयव्हरमेक्टिन चालू असेल तर या जोडीपासून लांबच राहावं, कोली जातीच्या कुत्र्यांत तर नक्कीच. हृदय अशक्त असलेल्या कुत्र्यात सावधगिरी हवी, कारण हे औषध हृदयाच्या आकुंचनाची ताकद कमी करू शकतं.

त्रास कुठला आणि कधी

भूक जाणं हे पहिलं आणि महत्त्वाचं लक्षण. ते बहुधा पहिल्या-दुसऱ्या महिन्यात येतं. उपचार सुरू झाल्यावर सुधारलेली भूक पुन्हा मंदावली तर ‘कंटाळला असेल’ म्हणून सोडू नये, त्याच आठवड्यात यकृताची तपासणी करावी. एएलटी हा यकृताच्या एन्झाइमचा आकडा औषधाआधी एकदा आणि नंतर दर महिन्याला पाहावा. नुसता एएलटी थोडा वाढला, कुत्रा खातो आहे, खेळतो आहे, तर औषध चालू ठेवून दोन आठवड्यांनी परत पाहतात. भूकही गेली असेल तर औषध थांबवायचं, खाणं परत येईपर्यंत थांबायचं आणि निम्म्या डोसवर पुन्हा सुरू करून हळूहळू चढवायचं. बहुतेक कुत्रे दुसऱ्या वेळी सहन करतात. थांबवलेलं औषध पुन्हा सुरू करायलाच विसरलं गेलं तर बुरशी डोकं वर काढते, म्हणून थांबवतानाच पुढच्या तपासणीची तारीख ठरवून घ्यावी.

दुसरा त्रास कमी आढळतो पण चकवतो. त्वचेवर लालसर, खोल, दुखऱ्या जखमा उठतात किंवा पाय सुजतात. रक्तवाहिन्यांच्या दाहामुळे हे होतं, बहुधा मोठ्या डोसवर. बुरशीच्या जखमा वाढल्या असं समजून डोस आणखी वाढवला गेला तर अनर्थ होतो. नव्या जखमेची काच पाहावी. बुरशी दिसत नसेल तर संशय औषधावर घ्यावा. औषध कमी केलं किंवा थांबवलं की या जखमा भरतात.

पहिले दहा दिवस

फुप्फुसात खूप बुरशी असलेल्या कुत्र्याची तब्येत औषध सुरू झाल्यावर आधी बिघडू शकते. मरणाऱ्या बुरशीला शरीर दाहाने उत्तर देतं आणि आधीच भरलेली फुप्फुसं आणखी भरतात. ब्लास्टोमायकोसिसमध्ये दगावणाऱ्या कुत्र्यांपैकी बरेच याच पहिल्या आठवडा-दीड आठवड्यात जातात. ‘औषधाने बिघडलं’ म्हणून ते बंद करणं ही इथली सर्वांत महागात पडणारी चूक. श्वास जोरात चालत असेल तर कुत्र्याला घरी ठेवू नये, ऑक्सिजन मिळेल तिथे दाखल करावं. दाह आवरण्यासाठी प्रेडनिसोलोन दिवसाला किलोमागे ०.५ ते १ मिलिग्रॅम, थोडेच दिवस, असं बरेच तज्ज्ञ देतात. तेही बुरशीचं औषध चालू असतानाच, एकटं कधीच नाही.

इट्राकोनाझोल जिथे कमी पडतं

मेंदू आणि लघवीचा मार्ग. तिथे ते फारसं पोचत नाही. फ्लुकोनाझोल पोचतं. पाण्यात विरघळणारं, जेवणाची किंवा आम्लाची अट नसलेलं, किलोला ५ ते १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. क्रिप्टोकॉकससाठी ते चांगलं आहे, कॉक्सिडिऑइडीससाठीही बरंच वापरलं जातं. ब्लास्टोमायकोसिसमध्येही काम करतं, पण उपचार जास्त लांबतो. खर्चामुळे कंपाउंड इट्राकोनाझोल की साधं फ्लुकोनाझोल अशी निवड समोर आली तर आमचं उत्तर निःसंशय फ्लुकोनाझोल. ते किडनीवाटे जातं, तेव्हा किडनी अधू असेल तर डोस कमी करावा लागतो. अ‍ॅस्परजिलसवर मात्र ते चालत नाही.

पसरलेला अ‍ॅस्परजिलोसिस जर्मन शेफर्ड माद्यांत जास्त दिसतो. मणक्यांच्या चकत्यांना, हाडांना, किडनीला धरतो आणि पूर्ण बरा क्वचितच होतो. तिथे पोसाकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोलचा विचार होतो, आणि उद्दिष्ट पुष्कळदा आजार काबूत ठेवून चांगले महिने मिळवणं एवढंच असतं. हे मालकाला सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं पाहिजे.

उलटीमुळे तोंडाने काहीच टिकत नाही, किंवा आजार जीवघेण्या वेगाने चालला आहे, तिथे शिरेतून अ‍ॅम्फोटेरिसिन बी. हे औषध ताकदवान आहे आणि किडनीवर निर्दयी. ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं. मिठाच्या सलाईनमध्ये मिसळलं तर साका बसतो. किडनी वाचवण्यासाठी मिठाचं सलाईन औषधाआधी वेगळं चढवतात, आणि मधे नळी डेक्स्ट्रोजने धुऊन घेतात. साधं रूप किलोला ०.५ मिलिग्रॅम, एक दिवसाआड. प्रत्येक वेळी आधी क्रिएटिनिन, युरिया आणि पोटॅशियम पाहायचं, वाढ दिसली की थांबायचं. मेदात बांधलेलं रूप किडनीला बरंच सोसवतं आणि त्यामुळे मोठ्या डोसमध्ये देता येतं. परवडत असेल तर तेच घ्यावं. दोन्ही रूपांचे डोस वेगवेगळे आहेत. मेदातल्या रूपाचा डोस चुकून साध्या रूपाला लावला गेला तर कुत्र्याचा जीव जाऊ शकतो, म्हणून बाटलीवरचं पूर्ण नाव दोघांनी वाचावं.

डोळ्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. दृष्टी कायमची गेलेल्या, दाब वाढून ठणकणाऱ्या डोळ्यात बुरशी दडून राहते आणि औषध तिथे पुरेसं पोचत नाही. असा डोळा काढून टाकल्याने वेदना संपते आणि लपण्याची जागाही. वृषण किंवा प्रोस्टेट यात आजार असेल तर खच्चीकरणाचाही विचार याच कारणासाठी होतो. कॉक्सिडिऑइडोमायकोसिसच्या वाहत्या जखमेवर पट्टी बांधली असेल तर ती रोज बदलावी. पट्टीत बुरशी तिच्या श्वासातून लागणाऱ्या रूपात वाढू शकते.

किती दिवस

ब्लास्टोमायकोसिसमध्ये किमान ६० ते ९० दिवस, आणि सगळी लक्षणं गेल्यावर आणखी एक महिना. प्रत्यक्षात चार ते सहा महिने धरून चालावं. हिस्टोप्लाझ्मोसिसला सहा महिने किंवा जास्त. कॉक्सिडिऑइडोमायकोसिसला वर्षभर, हाडात असेल तर त्याहून अधिक, कधी जन्मभर. सहाव्या आठवड्यात कुत्रा धावायला लागतो, वजन भरतं, आणि बहुतेक अर्धवट सोडलेले उपचार इथेच सुटतात. कुत्रा बरा दिसतो तेव्हा फुप्फुसं स्वच्छ झालेली असतातच असं नाही. एक्स-रे दर महिन्याला पुरेसा. फुप्फुसात व्रण राहिला तर काही ठिपके कायम राहतात, तेव्हा लागोपाठच्या एक्स-रेंमध्ये बदल थांबला आहे का हे पाहायचं.

लघवीचं अँटीजेन दर दोन-तीन महिन्यांनी मोजावं. आकडा उतरत नसेल तर पुन्हा कॅप्सूल, जेवण, आम्लनाशक आणि पातळी या क्रमाने तपासायचं. शून्य झाल्यावरही लगेच औषध तोडू नये, महिनाभर पुढे न्यावं. थांबवल्यानंतर १, ३, ६ आणि १२ महिन्यांनी लघवी तपासावी. ब्लास्टोमायकोसिसमध्ये साधारण पाचातला एक कुत्रा पुन्हा आजारी पडतो, आणि बहुतेक वेळा पहिल्या वर्षाच्या आतच. लक्षणं दिसण्याआधी आकडा चढलेला पकडता आला तर दुसरी फेरी सोपी जाते. उलटलेला आजार बहुधा त्याच इट्राकोनाझोलला पुन्हा दाद देतो. डोसही तोच, कालावधी मात्र पहिल्यापासून मोजायचा, आणि तिसऱ्या आठवड्यातली पातळीची तपासणी या वेळी चुकवायची नाही.